इन्सुलेशन टेप: गोव्याच्या हवेत कुठली घ्यावी, कशी गुंडाळावी

फोंड्याच्या बाजूला माझे वायरिंगचे काम चालते. दुपारी ऊन टळेपर्यंत मी भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. काउंटरवर रोज कोणी ना कोणी टेपबद्दल काहीतरी विचारतेच. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण तिच्यावर भरवसा मात्र मेन स्विचएवढा ठेवतात. नेहमीचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत.

कंपनीचे एकच नाव सांगा ना. कुठली टेप घेऊ?

घरातल्या कामाला कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची पीव्हीसी टेप चालते. आपल्याकडे ‘स्टीलग्रिप’ हे नाव इतके रुळले आहे की गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीची टेपही ‘एक स्टीलग्रिप द्या’ म्हणूनच मागते. ही पिडिलाइटची. थ्रीएमची ‘सुपर ३३ प्लस’ तिच्या पुष्कळ वरची. जाडी ०.१८ मिमी, १०५ अंशांपर्यंतचे तापमान सोसते, ६०० व्होल्टपर्यंत वापरायची. किंमत मात्र कितीतरी पट. पंख्याच्या जोडाला ती लावायची गरज नाही. बाहेरचा बोर्ड, मोटर, समुद्राकाठचे काम असेल तर पैसे वसूल होतात.

बिननावाची, चकचकीत, पाच रुपये स्वस्त टेप मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

नाव माहीत नसेल तर हातात घेऊन पारख कशी करायची?

आधी रोल आडवा धरून कड बघा. चांगल्या टेपची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते आणि थर एकमेकांवर नीट बसलेले असतात. रोलचा मधला भाग शंकूसारखा बाहेर आलेला असेल, कडेला डिंक पाझरून धूळ बसली असेल, तर तो माल कुठेतरी उन्हात पडून राहिलेला आहे.

मग वीतभर टेप सोडवून हळूहळू ताणा. चांगली टेप सगळीकडे सारखी लांबते आणि सोडली की बरीचशी परत आकसते. हलकी टेप एक तर झटक्यात तुटते, नाहीतर ताणलेल्या जागी पांढरट पडून तशीच लोंबत राहते. आकसण्याला फार महत्त्व आहे. गुंडाळल्यावर टेप तारेला आवळून धरते ती त्या आकसण्यामुळे, नुसत्या डिंकामुळे नव्हे.

शेवटी तोच तुकडा टेपच्याच पाठीवर दाबून सोडवून बघा. थोडा जोर लावून, सलग सुटली पाहिजे. बोटाला डिंक लागून राहिला तर रोल परत ठेवा.

आणखी एक. पाकिटावर लांबी, रुंदी, कमाल किंमत छापलेली असायलाच हवी. पॅकबंद वस्तूंना २०११ च्या वजनमाप नियमांनी ते बंधनकारक आहे. काही रोल बाहेरून मोठे दिसतात, पण आतली पुठ्ठ्याची रिंगच जाड असते आणि टेप तीन-चार मीटर. रोलच्या आकारावर जाऊ नका, छापलेले मीटर वाचा.

आयएसआयचा शिक्का बघायचा का?

असेल तर बघा. पीव्हीसी इन्सुलेशन टेपचे भारतीय मानक आहे आयएस ७८०९. शिक्का असेल तर त्याच्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. नुसते आयएसआयचे चित्र छापलेले आणि क्रमांक नाही, तर तो शिक्का धरू नका.

टेप गुंडाळायला काय शिकायचे? कोणीही गुंडाळतो.

कोणीही गुंडाळतो, आणि मग चार महिन्यांनी मला फोन येतो.

टेप जोड देत नाही, जोड झाकते. तारांची टोके नुसती एकमेकांना टेकवून वर टेप आवळली, तर आत ती टोके सैलच राहतात. सैल जागा तापते, तापली की टेप मऊ होते, मऊ झाली की टोके आणखी सैल होतात. पुढे काळा डाग आणि जळका वास. म्हणून आधी तांबे.

दोन्ही तारा चार-चार सेंटीमीटर सोला. सोलताना आतल्या बारीक केसांसारख्या तारा तुटता कामा नयेत. तांबे काळपट असेल तर चकाकेपर्यंत घासा. दोन्ही टोके मधोमध एकमेकांवर फुलीसारखी ठेवा आणि एकाचा शेपूट दुसऱ्याच्या अंगावर घट्ट वळवा, मग दुसऱ्याचा पहिल्यावर. उरलेली टोके कापा, पकडीने दाबून बसवा. टोक वर आलेले राहिले तर ते आतून टेपला भोक पाडते. आता दोन्ही बाजूंनी ओढून बघा. टेप न लावता जो जोड ओढ सहन करत नाही, तो टेप लावूनही करणार नाही.

दोन तारांची वायर असेल तर दोन्ही जोड एकमेकांसमोर नकोत. एक तार थोडी आखूड ठेवा, म्हणजे जोड मागेपुढे येतात. टेप एखाद्या दिवशी सुटलीच, तरी तांब्याला तांबे लागत नाही.

मग टेप. हात कोरडे हवेत आणि तारेवर चुना, तेल, घाम काही नको. उघड्या तांब्यावरून सुरुवात करू नका. तारेच्या प्लॅस्टिकवर दोनेक सेंटीमीटर मागे टेपचे टोक चिकटवा. टेप ताणून धरा, इतकी की तिची रुंदी जराशी कमी झालेली दिसेल. वेढा तिरका जाऊ द्या आणि प्रत्येक नवा वेढा मागच्याच्या निम्म्यावर बसवा. टेप १८ मिमीची असेल तर दर वेढ्याला नऊ मिमी पुढे. पलीकडच्या प्लॅस्टिकवर दोनेक सेंटीमीटर गेलात की तसेच उलट फिरा.

शेवटचा वेढा मात्र अजिबात न ताणता ठेवा आणि टेप कात्रीने किंवा कटरने कापा. ओढून तोडू नका. ओढून तोडलेले टोक ताणलेलेच राहते आणि आकसत आकसत स्वतःला सोडवते. कोणाच्याही घरी टेपची शेपटी लोंबकळताना दिसली की समजा, शेवटचा वेढा ताणून दाताने तोडलेला आहे.

किती थर पुरतात?

साधा हिशेब करा. बाजारातली नेहमीची टेप ०.१२५ मिमी जाड. निम्म्यावर निम्मी बसवत एकदा गेलो की दोन थर, म्हणजे पाव मिमी. घरातल्या दीड चौरस मिमीच्या वायरवरचे प्लॅस्टिक ०.७ मिमीच्या आसपास असते. तेवढी जाडी परत आणायची तर जाऊन-येऊन-जाऊन अशा तीन फेऱ्या. ताणल्यामुळे टेप थोडी पातळ होते, म्हणून मी चौथीही घालतो. यापुढे ढीग रचण्यात अर्थ नाही. मुठीएवढा गोळा झालेली टेप बघितली की आतला जोड कच्चा असणार असे मला आधीच वाटते, आणि तसाच तो निघतो.

पावसात बाहेरच्या जोडाला हीच टेप चालेल ना?

नाही. गोव्यात तर नाहीच. पीव्हीसी टेपचे वेढे एकमेकांना डिंकाने चिकटलेले असतात, एकजीव झालेले नसतात. दोन वेढ्यांमधली फट डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला वाट सापडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतसुद्धा हाताला ओली लागते.

मावशीच्या कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, गोष्ट सांगतो. पंप सुरू केला की आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, पडायचा. तिने मोटर खोलून घेतली, कंडेन्सर बदलला, दोन माणसे येऊन पैसे घेऊन गेली. मी गेलो तो श्रावणात. मोटरला हात लावायच्या आधी केबल धरून पाटाच्या कडेने चालत गेलो. पोफळीच्या मुळाशी, पडलेल्या झावळीखाली एक जोड होता. वरून सुंदर, काळाभोर, बोटाएवढा जाड. मेन बंद करून ब्लेडने उभा चिरला तर आतून चमचाभर पाणी बाहेर आले. तांबे हिरवे झाले होते, प्लॅस्टिक पकडीने नुसते दाबले तरी सरकत होते.

‘अरे, ह्या मे महिन्यातच टेप मारून घेतली होती,’ मावशी म्हणाली.

टेप मारली होती, हे खरेच होते. पाणी आत शिरायला तिने अडवले नाही, पण शिरलेले पाणी बाहेर पडायला मात्र चांगले अडवले. तो जोड मी काढूनच टाकला, त्या टप्प्यात नवी अखंड केबल ओढली. मोटर शेवटपर्यंत ठणठणीत होती.

तेव्हा बाहेर पहिला उपाय हाच, की जोड ठेवूच नका. ठेवावाच लागला तर तो जमिनीवर नको. पाणी न शिरणाऱ्या डब्यात, भिंतीवर, पावळीच्या आत घ्या, आणि केबल डब्यात खालून शिरू द्या. वरून शिरली तर पाणी केबलवरून ओघळत थेट आत उतरते.

मग ती रबराची, स्वतःलाच चिकटणारी टेप कशी असते?

तिला सेल्फ-फ्युजिंग म्हणतात. दुकानात ‘रबर टेप’ म्हणून मागा. तिला डिंक नसतो. थरांमध्ये एक पातळ पट्टी असते, ती सोलून टाकायची आणि टेप दुप्पट-तिप्पट लांब होईल इतकी ताणून गुंडाळायची. ताणलेले रबर रबराला भिडले की काही तासांत सगळे थर मिळून एकच नळी होते. नंतर वेढा सुटा करू म्हटले तर करता येत नाही, कापावेच लागते.

दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे न ताणता गुंडाळणे. मग ती एकजीव होत नाही, नुसती बसून राहते. दुसरी म्हणजे तिच्यावर काहीच न घालता उन्हात सोडणे. रबर मऊ असते, घासले की कापले जाते. वर पीव्हीसी टेपच्या दोन फेऱ्या हव्यातच. आत रबर पाण्यासाठी, वर पीव्हीसी ऊन आणि घासणीसाठी.

विहिरीतल्या किंवा बोअरच्या पंपाचा जोड पाण्यात राहतो. त्याला काय?

तिथे केबल जॉइंटिंगचे तयार किट घ्या, किंवा प्रत्येक तारेला वेगळे रबर, मग तिन्हींवर मिळून रबर, मग पीव्हीसी. तिन्ही जोड मागेपुढे. पंप खाली सोडण्यापूर्वी तो जोड पाण्याच्या बादलीत बुडवून तासभर ठेवायचा, टोके बाहेर. मग मेगर लावून तार आणि पाणी यांच्यामधला रोध मोजायचा. एक मेगओमच्या खाली आला तर जोड परत करायचा. वायरमन मेगर आणत नसेल तर दुसरा बघा. शंभर फुटांवरून पंप परत वर काढायची मजुरी मेगरवाल्याच्या मजुरीपेक्षा जास्त असते.

समुद्राजवळ टेप लवकर खराब होते, हे खरे का?

टेपपेक्षा तांबे लवकर खराब होते. खारे वारे आले की सगळ्यावर मिठाचा पातळ थर बसतो, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. मोरजी-मांद्रेच्या बाजूला शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलांचे, काम करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. शॅक पावसाआधी मोडतात आणि पाऊस संपला की पुन्हा बांधतात. गेल्या मोसमाची वायर परत वापरतात तेव्हा जुन्या जोडावर नवी टेप मारू नका. जोड कापून, काळे पडलेले तांबे सोडून, आतल्या चकचकीत तांब्यावर नवा जोड करा. दर मोसमाला वायर वीतभर आखूड होते, होऊ दे.

काही महिन्यांनी टेप चिकट होऊन घसरते. डिंक खराब असतो का?

नुसता डिंक नव्हे. पीव्हीसी मुळात कडक असते. आपले पाण्याचे पाइप बघा. टेपसाठी ती मऊ करायला तेलासारखी द्रव्ये मिसळतात. ती द्रव्ये पट्टीतून निघून डिंकात शिरली की डिंकाचा चिखल होतो आणि पट्टी कडक पडते. पहिल्या विनाइल टेपा करताना हीच मोठी अडचण होती. थ्रीएमच्या लोकांनी १९४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो ती सोडवून. हलक्या टेपांनी मात्र ती अजून सोडवलेली नाही. त्यात आपल्याकडच्या मे महिन्यात कौलांखालचा माळा भट्टीसारखा तापतो.

रंगीत टेप चांगली की काळी?

उन्हात काळी. तिच्यातली काजळी ऊन शोषून पट्टी वाचवते. रंगीत टेप खुणेसाठी. आपल्याकडे लाल, पिवळा, निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा अर्थिंगला. एक हात जोडून विनंती: घरात हिरवी टेप उरली आहे म्हणून ती फेजच्या तारेवर मारू नका. पुढचा माणूस तिला अर्थिंग समजून हात घालतो.

चवथीच्या माळा, माटोळीवरचे दिवे... दहा दिवसांसाठी काय एवढे?

दहा दिवस म्हणूनच. तात्पुरत्या कामात लोक तारा प्लगच्या भोकात काडी घालून अडकवतात. गणपतीच्या वर बांधलेल्या माटोळीला ओली फळे, पाने, वेली टांगलेल्या, खाली समई, समोर आरतीला पोरे उड्या मारणार. माळेच्या तारा केसाएवढ्या बारीक, टेप मारली तरी ओढ पडली की जोड सुटतो. त्यामुळे जोडाच्या दोन्ही बाजूंना तार दोऱ्याने मखराच्या लाकडाला बांधून घ्या, म्हणजे ओढ दोऱ्यावर येते, जोडावर नाही. माळेचा जोड माटोळीच्या वर असू नये, फळांचे पाणी तारेवरून उतरते. आणि ती माळ ज्या बोर्डावर आहे त्याला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे का, हे आदल्या दिवशी टेस्टचे बटण दाबून बघा. चतुर्थीला सकाळी वायरमन मिळत नाही. मीसुद्धा नाही, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो.

इस्त्रीची वायर तुटली आहे. टेप मारू?

नको. वायर बदला. इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड यांना विजेची ओढ मोठी, जोड तापणारच. शिवाय इस्त्रीची वायर सतत वाकते. मिक्सरचेही तेच.

सेलोटेप, पॅकिंगची टेप, डॉक्टरची पट्टी?

नाही, नाही आणि नाही. पहिल्या दोन पेट घेतात, तिसरी घाम शोषते.

मेन बंद केला की हात घालायला हरकत नाही ना?

घरात इन्व्हर्टर असेल तर आहे. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटते लाइट गेली, आणि तो तुमच्याच तारेत २३० व्होल्ट सोडतो. पंखे-दिव्यांच्या लाइनवर काम असेल तर आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणावर बंद करा, मग मेन. त्यानंतर टेस्टर लावा, आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटवर पेटतो याची खात्री केलेली असू द्या. न्यूट्रलचीही तपासणी करा. जुन्या घरात फेज-न्यूट्रल उलटे असतात आणि स्विच न्यूट्रलला असतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. माझ्या डाव्या अंगठ्यावर जी पांढरी खूण आहे ती अशाच एका ‘बंद’ दिव्याची.

जुन्या घरात जोडांवर काळे कापड गुंडाळलेले आहे. ते काढून टेप लावू?

ते कापडच टेप आहे, रबराचा चीक भरलेली सुती पट्टी. पीव्हीसी येण्याआधी तीच वापरत. लाकडी पट्टीतले वायरिंग असेल तर तारांवरचे रबरही तेवढेच जुने. जोड हलवला की वीतभर अंतरापर्यंत रबराचा भुगा पडतो. त्याला टेप मारू नका, ती लाइनच बदला.

टेपऐवजी स्लीव्ह चांगली का?

आकसणारी स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, सुबक बसते, सुटत नाही. फक्त जोड करायच्या आधी ती तारेवर चढवून ठेवायला आठवली पाहिजे. दर वेळी विसरून मी स्वतःलाच शिव्या घालतो. साधी स्लीव्ह निम्म्यावर आकसते. बाहेरच्या कामाला आतून डिंक असलेली घ्या, तो वितळून कडा बंद करतो. बोर्डाच्या आत मात्र मी आता टेप किंवा स्लीव्ह दोन्हींऐवजी लिव्हरवाले कनेक्टर वापरतो. उघडता येतात आणि पुढच्या माणसाला आत काय आहे ते दिसते.

स्कूटरच्या वायरिंगला ही टेप चालते?

सीटखाली चालेल. इंजिनाजवळ नाही, तिथे चिखल होतो. गाड्यांची वेगळी कापडी टेप मिळते, ती घ्या.

खांबावरून येणाऱ्या वायरची टेप सुटली आहे. शिडी लावून मारून टाकू?

खांबापासून मीटरपर्यंतची वायर विद्युत खात्याची. तिथे तुमचा मेन बंद करून काहीच बंद होत नाही. १९१२ वर तक्रार नोंदवा, नाहीतर जवळच्या कार्यालयात जाऊन लिहून द्या. लाइनमन यायला उशीर झाला तर पुन्हा फोन करा. पावसात ओल्या बांबूला टेप बांधून वर चढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाचवणारी टेप अजून निघालेली नाही.

उरलेला रोल कुठे ठेवू?

घरात, सावलीत, झाकणाच्या डब्यात, आडवा. गाडीच्या डिकीत नको. सुरुवात सापडावी म्हणून टोक दुमडून ठेवा.

जुन्या टेपचा डिंक स्विचबोर्डावर राहिला आहे. तो कसा काढू?

मेन बंद करून फडक्याला थोडे खोबरेल लावा, पाच मिनिटांनी पुसा, मग साबणाच्या पिळलेल्या फडक्याने एकदा. थेंबही आत जाऊ देऊ नका. पेट्रोल वापरू नका, ते बोर्डाची चमक घालवते आणि आग लागायचा धोका वेगळाच. तारेवरचा डिंक काढायचा असेल तर खोबरेल नको, तेलावर नवी टेप चिकटत नाही. तिथे स्पिरिट, आणि पूर्ण वाळल्यावरच टेप.